गच्चीवरच्या कुंड्या

गच्चीवरच्या गांजाच्या कुंड्या धाकट्याच्या होत्या. पोलीस जिना चढत होते तेव्हा त्याने थोरल्या भावाचा हात घट्ट धरला. "दादा, माझी परीक्षा तोंडावर आली आहे रे. तुझ्या आहेत म्हणून सांग ना." थोरल्याने तसं सांगितलं आणि तो तुरुंगात गेला.

थोरला शिक्षा भोगून सुटला आणि पुढे कायदा बदलला. गांजावर कर बसला, विक्रीचे परवाने निघाले आणि धाकट्याने दुकानासाठी अर्ज केला. "दादा, फळ्यांना रंग तेवढा तू मारून दे. दुकान उघडलं की गल्ल्यावर तूच बसायचंस." थोरला दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन हजर झाला.

तो शेवटची फळी रंगवत असताना परवाना खात्याच्या बाई तपासणीला आल्या. "घरात कुणाला गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? तसं असेल तर परवाना मिळत नाही."

"छे हो, घरात मी एकटाच."

"मग हे कोण?"

"रंगारी आहेत," धाकटा म्हणाला आणि थोरल्याकडे वळून अगदी अदबीने बोलला,



"काका, तुमचं झालं असेल तर निघा आता."