शेवटच्या खुंटीवरची गाठ

"दोर बांधणं म्हणजे थुक्पा शिजवणं नव्हे, सूनबाई. तिथं माणसांचे जीव लोंबतात," असे बजावून आंग फुर्बांनी डोमाला अडवले होते. तरीही या वसंतात सगरमाथ्यावर सर्वांआधी चढून दोर बांधणाऱ्या तुकडीत ती गेलीच.

दोन दिवसांनी एका पाहुण्याला शिखरावर नेताना आंग फुर्बा माथ्याखालच्या शेवटच्या खुंटीशी थांबले. गाठीबाहेर दोराचे टोक वीतभर सोडलेले होते. तसे सोडण्याची रीत फक्त त्यांच्या घरात होती. त्यांनी गाठ तीनदा हिसडली, मग अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून पाहिला.

"तुम्हीच बांधलीत ना ही?" पाहुण्याने धापा टाकत विचारले.

"छे हो, माझी इतकी पक्की कधी बसली नाही," आंग फुर्बा हसले. "सुनेच्या हातची आहे. बिनघोर चढा."