सुई कोणी टोचायची

"तुम्हीच सांगा आमच्या ह्यांना एकदा. आता सुया पुरे म्हणावं," काकू म्हणाल्या.

ठमी त्यांच्या मांडीवर चारी पाय सोडून पसरली होती. वय वर्षं अकरा, रंग राखाडी, तोरा एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेचा. समोर सतरंजीवर बसलेली मालिशवाली तिचा मागचा पाय हळूहळू दुमडून बघत होती. मांजरांना मालिश करणारी बाई असते, असं कुणी पूर्वी सांगितलं असतं तर काकू पोट धरून हसल्या असत्या. पण तीन महिन्यांपूर्वी ठमीला मधुमेह निघाला, मागचे पाय लुळे पडले आणि हसू कुठल्या कुठे पळालं. आठ दिवस तिला प्राण्यांच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. काका रोज तिथे जाऊन बसत. काकूंना दवाखान्याचा वास सोसत नाही, त्या घरीच राहिल्या.

ठमी घरी आली आणि काकांनी कुणाला न विचारता कामं वाटून टाकली. दोन वेळची इन्सुलिनची सुई त्यांच्याकडे, मालिश काकूंकडे. ती शिकवायला दवाखान्यातली मालिशवाली दर आठवड्याला घरी येऊ लागली.

काकूंनी जीव ओतून मालिश केली. ठमी उभी राहिली, चालायला लागली, परवा तर खिडकीत चढून बसली. काकांची चाहूल लागली की मात्र धूम ठोकायची. खरं सांगायचं तर काकूंना मनातून गुदगुल्या व्हायच्या. इतकी वर्षं मांजर काकांची होती. त्यांच्या पोटावर झोपायची, त्यांच्याच हातून खायची आणि काकूंना हिंग लावून विचारायची नाही. आता ती काकूंची होती.

"सगळा गुण तुमच्या मालिशचा," काकू म्हणाल्या. "ते उगाच तिला छळतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेले हात ते, त्यांना काय कळणार?"

मालिशवालीने ठमीचा पाय अलगद खाली ठेवला.

"काकू, मालिशने तिला बरं वाटतं. जगते ती सुईवर. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं, तर मी माझी मालिश बंद करायला सांगेन."

काकूंचा चेहरा पडला. हे त्यांनी स्वतःच्या विद्येबद्दल त्याच विद्येच्या बाईकडून ऐकलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

सात वाजले. ठमीचं खाणं झालं. आत फ्रिजचं दार वाजलं. काका इन्सुलिनची बाटली तळहातांत घोळवत बसले असणार, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं, ठमीलासुद्धा. ती कपाटाखाली पसार झाली. काका सुई घेऊन आले, गुडघे कुरकुरवत जमिनीवर टेकले आणि वाट बघत राहिले. रागावले नाहीत, हाकही मारली नाही. ती आपल्या हाकेला येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवशीच. माणूस वाळला होता. काकूंना एकदम लाज वाटली.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आज मी टोचते. तुम्ही तिला धरा."

"तुला जमायचं नाही."

"शिकवा मग."

काकूंनी ठमीला कपाटाखालून ओढून काढलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. ती ताठली, निसटायला बघू लागली. तेवढ्यात काकांचा अंगठा तिच्या कानामागे गेला. तिथून दोन बोटं कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडाला न लागता, शेपटीपर्यंत उतरली. मग तिच्या मांडीवर छोटी छोटी वर्तुळं, आधी डाव्या, मग उजव्या. काकूंना हे सगळं यायला महिना लागला होता, आणि त्यांचा हात अजून इतका हलका झाला नव्हता. ठमीने डोळे मिटले. काका सांगतील तशी काकूंनी चिमटीत कातडी धरून सुई टोचली, ते तिला कळलंही नाही.

मालिशवाली खाली मान घालून आपली पिशवी आवरू लागली.

"हे कधी शिकलात?" काकूंनी विचारलं.

"दवाखान्यात. सुई आणि मालिश, दोन्ही तेव्हाच."

"आणि मला सांगितलं नाहीत? दोन्ही तुम्हीच करायचंत की!"

काकांनी ठमीवरून हात उचलला नाही.

"सुई टोचणाऱ्याला ती घाबरणारच होती," ते म्हणाले. "अकरा वर्षं माझ्याकडे होती. म्हटलं, उरलेली तुझ्याकडे असू दे."