सासूबाईंची परवानगी

सम्राटाचे भिक्षू थेट पाटलीपुत्राहून सोपाऱ्याला आले आणि त्यांचं प्रवचन ऐकून माझ्या नवऱ्याला भिक्षू व्हायचं वेड लागलं. त्यासाठी आईची परवानगी लागते. तान्ह्या बाळाला घट्ट धरून मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

“जा बाबा,” त्या तांदूळ निवडत म्हणाल्या.

तो लगेच डोकं भादरून विहाराकडे गेला. “आत्याबाई, अडवलं का नाहीत?” मी रडतच सासूबाईंना विचारलं.

“माझ्या पोटचा आहे, ओळखते मी त्याला,” त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी मुद्दाम माशांचं कालवण केलं.

दिवेलागणीला तुळतुळीत डोकं दारात आलं. “तिथे दुपारनंतर जेवतच नाहीत गं, आई!”

“मग भिक्षा वाढू, की जेवण?” सासूबाईंनी विचारलं.

“जेवण!” त्याच्याआधी मीच ओरडले आणि पाट मांडला.