वाचलीच पाहिजेत

'वाचलीच पाहिजेत' या सदरासाठी समीक्षकाच्या टेबलावर तीन पुस्तकं येऊन पडली: एक काउबॉयच्या चित्रांवरचं, एक कराटेवरचं आणि एक मुलांचं चारित्र्य कसं घडवावं यावरचं. त्याने नेहमीप्रमाणे नुसती मलपृष्ठं वाचली आणि एका बैठकीत तिन्हींचा फडशा पाडला. चारित्र्याच्या पुस्तकाबद्दल लिहिलं, 'प्रामाणिकपणावरचं प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे.'

सदर छापून आल्यावर आठवड्याभराने त्या पुस्तकाच्या लेखकाचा फोन आला.

"साहेब, माझ्या पुस्तकात प्रामाणिकपणावर प्रकरणच नाहीये."

समीक्षकाच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडचा आवाज मात्र एकदम हळू झाला.

"घाबरू नका हो. लोक तेच मागतायत, म्हणून नव्या आवृत्तीत घालतोय. त्यात मी काय म्हटलंय, तेवढं जरा सांगता का?"