काढून टाकलेली ओळ

लागोपाठच्या दोन रुग्णांच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनपासून सगळे आकडे दशांशापर्यंत सारखे होते. निहारिकाने लॅबचं यंत्र कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामचा कोड उघडला. रक्ततपासणीच्या यंत्राला मेमरीतली थोडी जागा लिहायला द्यायची, त्याचं लिहून झालं की ती परत ताब्यात घ्यायची आणि मगच त्यातला आकडा वाचायचा. नाहीतर कॉम्प्युटर आधीच्या रुग्णाचाच आकडा दाखवत राहतो. जागा परत घेण्याची ओळ तिनं स्वतः लिहिली होती. आता ती तिथे नव्हती. बदलांच्या नोंदीत ती काढणाऱ्याचं नाव होतं: मंदार.

मंदार, तिचा सख्खा मोठा भाऊ, फ्रीगंजच्या त्यांच्या छोट्याशा ऑफिसात तिच्याकडे पाठ करून लॅबच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. "सर, बहन से गलती हो गई. अभी सीख रही है."

फोन ठेवून तो वळला, तेव्हा तिनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवून ठेवली होती.

"अगं, डेमोत मशीन स्लो वाटत होती, म्हणून काढली. आता मालकच चुकला म्हटलं तर लॅब हातची जाईल ना! घरातल्या घरात काय, निहू? दिलावर नको घेऊस."

पुण्याची चालून आलेली नोकरी ती दादासाठीच पुढे ढकलत आली होती. तिनं ती ओळ पुन्हा लिहिली, डॉक्टरांना फोन करून सगळे रिपोर्ट थांबवायला सांगितलं आणि पर्स उचलली.

"जाते, दादा."

"जाते काय गं? येते म्हणावं."

"नाही दादा. जातेच."