सोमवार-गुरुवारची खरखर

गुरुवारी, १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लालासाहेबांच्या मळ्यातल्या घरातला रेडिओ खरखरायला लागला. बातम्या त्या खरखरीत बुडाल्या.

“बघितलंसा?” लालासाहेब म्हणाले. “दर सोमवारी आन् गुरुवारी ह्येच. बाकीचं दिवस आवाज लय खणखणीत.”

शरच्चंद्राने वहीत वेळ टिपली. तो साताऱ्याहून दुपारी आला होता. सहा वर्षं तो रेडिओ दुरुस्त करत होता, पण वार बघून बिघडणारा रेडिओ त्याने पाहिला नव्हता.

दुपारी त्याने सगळं तपासलं होतं. बॅटरी भरलेली, व्हॉल्व्ह चांगले, जमिनीत गाडलेली तार ओल्या मातीत. रेडिओ उघडण्याआधी त्यावरचा फोटो त्याने जपून खाली ठेवला होता. पलटणीच्या वेशातला तरणा गडी, डाव्या भुवईवर खोक. लालासाहेबांच्या बायकोने, राहीबाईंनी, तो फोटो पदराने पुसला होता.

आत्ता त्या रेडिओला कान लावून बसल्या होत्या.

“बातम्या झाल्या की नावं वाचत्यात,” त्या म्हणाल्या. “दुश्मनानं धरल्याल्या शिपायांची. माझ्या सयाजीचं नाव एखाद्या सोमवारीच वाचलं असलं तर? मला कसं कळायचं?”

“पलटणीचं पत्र काय म्हणतं?” शरच्चंद्राने विचारलं.

“चौदा महिनं झालं,” लालासाहेब म्हणाले. “सयाजी पलटणीत हजर न्हाई, एवढंच. त्यावर मी काय समजायचं? लढाईत धरला असंल. धरलाय म्हंजे जित्ता तरी हाय.”

वेताच्या खुर्चीतले फौजदार चहा बशीत ओतत हसले. फरारी लोकांच्या शोधात ते सोमवारी आणि गुरुवारी या गावी येत, आणि आले की बातम्यांना लालासाहेबांकडे बसत. पायातले बूट तेवढे उंबऱ्याशी काढत.

“रेडिओ मला भितो, मिस्त्री,” ते म्हणाले. “मी आलो की याची बोबडी वळते. आरोपीसारखी.”

लालासाहेब मोठ्याने हसले. राहीबाई हसल्या नाहीत.

शरच्चंद्र उठला आणि परसात गेला. दुपारपासून भुंकणारं कुत्रं पुन्हा अंगावर आलं. सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती, त्यामुळे सात वाजून गेले तरी उजेड होता. एरियलची तार घराच्या आढ्यापासून निघून उसाच्या बांधावरच्या बांबूला बांधलेली होती. दोन्ही टोकांना तारेतली लहर बाहेर जाऊ न देणारे चिनी मातीचे गोळे होते. ते त्याने दुपारीच पाहिले होते. शाबूत होते.

दुपारी नव्हतं ते आत्ता दिसलं. तारेवर तांबडं लुगडं वाळत होतं. ओलं, जड. त्याचं टोक गोठ्याच्या पत्र्याला टेकून वाऱ्याने हलत होतं.

एवढंच होतं तर. तारेने हवेतून पकडलेल्या लहरी ओल्या लुगड्यातून पत्र्यावर जात होत्या आणि टोक घासेल तशी खरखर होत होती.

राहीबाई मागोमाग आल्या होत्या.

“हे लुगडं कुणाचं?” त्याने विचारलं.

“आमच्या विजयमालाचं. सुनंचं. सोमवार-गुरुवार रानातनं आली की धुती आन् टाकती तारंवर. दिवेलागणीला लुगडं वाळत घालू नगं, अवकळा येती, म्हनून लाख डाव सांगितलं. ऐकंल तर शपथ! समदं ऐकती माझं, येवढंच न्हाई.”

शरच्चंद्राने लुगडं ओढून काढलं.

आतली खरखर चाकूने कापावी तशी थांबली. निवेदकाचा आवाज परसापर्यंत स्वच्छ आला. राहीबाईंनी हात जोडले आणि लगबगीने आत गेल्या.

त्याने वहीत लिहिलं: सात बावीस. बिघाड सापडला.

विजयमाला धारेची चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आली. तिने तारेकडे पाहिलं. चरवी हातातून सुटली, दूध सांडलं. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

“लुगडं कुणी काढलं?”

“मीच. त्यानंच रेडिओ बिघडत होता, वहिनी. दुसरीकडं वाळत घाला.”

“द्या हिकडं.”

तिने लुगड्याचं टोक धरलं आणि तारेकडे वळली. शरच्चंद्राने दुसरं टोक सोडलं नाही.

“नावं सुरू झालीत. दहा मिनिटं थांबा. सासूबाईंना ऐकू द्या. तुमच्याच माणसाचं नाव लागायचं असेल.”

“सोडा. पाया पडते तुमच्या. सोडा.”

ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती उसाकडे. त्याला वाटलं, आपल्याच लुगड्याने रेडिओ बिघडत होता म्हणून सासू आता रागावेल, याला ही घाबरली. गावाकडच्या बायका हट्टी असतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने लुगडं घट्ट धरलं आणि गोठ्याच्या खांबाला पाठ टेकली.

आत एकेक नाव येत होतं. गाव, तालुका, जिल्हा. मग थोडी शांतता, मग पुढचं नाव.

वेताची खुर्ची करकरली. उंबऱ्याशी कोणीतरी बुटात पाय घालत होतं.

कुत्रं उठलं. भुंकलं नाही. शेपूट हलवत उसाकडे गेलं.

उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. बांधावर एक माणूस उभा राहिला. दाढी छातीपर्यंत वाढलेली, अंगावर घोंगडं. खांबाआडच्या शरच्चंद्राकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो विजयमालाकडे बघून हसला, तशी डाव्या भुवईवरची खोक वर उचलली गेली.

“तार मोकळी दिसली म्हनून आलो,” तो हळूच म्हणाला. “आज फौजदार न्हाई आला व्हय?”