पाटीवरचा ड्रायव्हर

“‘निघून गेला’ नको. ‘पळून गेला’ लिही,” मोठीआई म्हणाली.

पेंटरबाईने खडूने आखलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. “‘निघून’ जरा सभ्य दिसलं असतं.”

“सभ्य माणसासाठी ठेव ते.”

वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची कोरी पाटी उभी होती. वस्तीला ना पंचायत, ना नकाशावर ठिपका. पत्रं यायची तीही पलीकडच्या गावाच्या नावाने. शेवटी मोठीआईनेच हुकूम सोडला, की आपला इतिहास आपणच लिहायचा, आणि तिचे डोळे मिटायच्या आत लिहायचा. ही वस्ती वसवली ती एका बसमधून इथे उतरलेल्या माणसांनी, आणि त्यांच्यापैकी आता ती एकटीच उरली होती. ती गेली की पोरंटोरं वाटेल ते सांगत सुटणार आणि त्यांना माळावर सोडून गेलेला तो ड्रायव्हर आयता सुटणार, याची तिला धास्ती होती.

पेंटरबाई शहरातून आपणहून आली होती. पन्नाशीची, बोलणं कमी, हात मात्र दोरी लावल्यासारखा सरळ. मोठीआईला तिचं कोडंच पडलं होतं. पाट्या रंगवणारी माणसं अक्षरं विचारतात. ही भलतंच विचारत होती.

“बस नेमकी कुठे थांबली?”

“सुनेची खुराडी दिसतायत ना, तिथे. पत्रा उचकटून छपरं झाली, सीटांची बाकं झाली. माझा थोरला मागच्या सीटवर जन्मला.”

“म्हणूनच अजून सगळ्यात मागे असतात,” चहाचे कप ठेवता ठेवता सून म्हणाली.

“तू गप गं! तुझ्या बापाने पसंत केला तेव्हा पुढे होता वाटतं?”

सून हसत आत गेली. पेंटरबाई हसली नाही.

“निघाला कुठे होतात?”

“डोंगरात बोगदा खणायला. मुकादमाने गोड बोलून बसमध्ये भरलं. मागाहून कळलं, तिथे गेलेलं एक माणूस परत आलं नाही. आत धूर कोंडायचा, दरड कोसळायची, आणि मेलेल्यांना तिथेच बुजवायचे. आमचं नशीब थोर म्हणून बस बिघडली.”

“आणि ड्रायव्हर?”

“त्याने बॉनेट उघडलं, हात काळे केले आणि म्हणाला, पार्ट गेलाय, घेऊन येतो. मुकादम त्याच्याच शेजारी बसायचा, तोही शिव्या घालत मागून गेला. दोघं गेले ते गेलेच. आम्ही उघड्या माळावर. पोरांच्या जिभा कोरड्या पडल्या. माझ्या नवऱ्याने ओढ्याची वाळू नखांनी उकरली, तेव्हा कुठे पाणी लागलं. आणि तो मेला घरी पाय ताणून झोपला असेल! आमच्यात शब्द मोडणाऱ्याला अजून ‘ड्रायव्हर’च म्हणतात. जावयाला तर लग्नाआधीच बजावतो, ड्रायव्हर होऊ नकोस म्हणून.”

पेंटरबाईने चहा तसाच ठेवला. “जाताना त्याने वळून पाहिलं होतं का?”

मोठीआई चमकली. एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

“पाहिलं होतं. बराच वेळ. का गं?”

“सहज.”

“सहज नाही. तुझ्या पोटात काहीतरी आहे. पण आधी काम उरक, ऊन चढतंय.”

पेंटरबाईने डबा हलवला, ब्रश बुडवला. काळी अक्षरं एकामागून एक पत्र्यावर बसू लागली. मोठीआईला वाचता फारसं येत नव्हतं, पण एकेक अक्षर ती राखणीला बसल्यासारखी बघत होती. बस आली, माळ आला, पाणी आलं, नवऱ्याचं नाव आलं, तेव्हा तिची मान ताठ झाली. मग ड्रायव्हरची ओळ आली, आणि अर्ध्यावर ब्रश थांबला.

“आता काय झालं? रंग संपला?”

“नाही.”

“मग लिही की! ‘पळून गेला’. घाबरतेस काय, तुझा कोण लागतो तो?”

पेंटरबाईने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“लिहिते. पाटी तुमची, तुम्ही म्हणाल तेच लिहीन. पण बाबांची बस बिघडली नव्हती, मोठीआई. त्याआधीच्या दोन खेपा त्यांनी बोगद्यापर्यंत पोचवल्या होत्या.”